क्लच नसलेली गाडी

ऑटोमॅटिक गाडी घेतली म्हणून सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "मग काय, आता बसायचं आणि जायचं. त्यात शिकायचं काय?" विकणाराही तेच म्हणतो. गाडीला हार चढतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, फोटो निघतो, आणि दांडी कुठे आणायची एवढं पाच-दहा मिनिटांत दाखवून गाडी रस्त्यावर येते. साताऱ्यात घरातून बाहेर पडलं की चढ नाहीतर उतार. तिथे मी तीसेक वर्षं क्लच-गिअरच्या गाड्या चालवल्या. डाव्या गुडघ्याची झीज वाढली तेव्हा डॉक्टरांनी क्लच दाबणं बंद करायला सांगितलं आणि दारात ऑटोमॅटिक आली. ही गाडी शिकावी लागते, मुद्दाम वेळ काढून शिकावी लागते, हे माझं मत पहिल्या काही आठवड्यांत पक्कं झालं. आणि जितकी जास्त वर्षं आपण जुन्या पद्धतीची गाडी चालवलेली असते, तितकी ही शिकवणी जास्त गरजेची असते.

क्लच गिअर बदलण्यासाठी असतो, असं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगतात. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. इंजिन आणि चाकं यांच्यातला संबंध तोडणारं ते पेडल आहे. रस्त्यात म्हैस आली, पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला, वळणावर उसाची ट्रॉली आडवी दिसली, की आपला डावा पाय विचार न करता खाली जातो. घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो. समजा त्या गडबडीत उजवा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला, तरी डावा क्लचवर असल्यामुळे इंजिन नुसतं ओरडतं, गाडी उडी मारत नाही. क्लच दाबायचा राहिला तर गाडी गचका देऊन बंद पडते. चौकात गाडी बंद पडली की शिकाऊ चालकाला मेल्याहून मेल्यासारखं होतं, मागचे हॉर्न वाजवून जीव खातात. पण बंद पडलेली गाडी कुणाच्या अंगावर जात नाही. म्हणजे इतकी वर्षं आपल्या नकळत क्लच आपल्याला सांभाळून घेत होता. ऑटोमॅटिकमध्ये ही सुटका नाही. इंजिन चालू आहे आणि दांडी डीवर आहे, तोवर गाडी पुढे जायलाच बघते. तिला धरून ठेवणारं एकच पेडल आहे, ते म्हणजे ब्रेक.

मला शिकवायला आमच्या पेठेतले एक वस्ताद आले. उमेदीत मालट्रक चालवलेले, नंतर बरीच वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घालवलेले. त्यांनी पहिली शिकवणी गाडी बंद ठेवून घेतली. "ताई, डावा पाय मागं घ्या. अजून मागं. आता तो तिथंच ऱ्हाऊ द्या," एवढ्यापासून सुरुवात. चालकाच्या डाव्या बाजूला, पूर्वी क्लच असायचा त्याच्याही पलीकडे, पाय टेकवायला तिरकी पट्टी असते. डावा पाय तिथे ठेवायचा, नाहीतर सीटजवळ ओढून घ्यायचा. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर रोवायची आणि चवडा फिरवून ॲक्सिलरेटरवर न्यायचा, काम झालं की परत ब्रेकवर आणायचा. टाच हलवायची नाही. वस्ताद शेजारी बसून मधेच "ब्रेक" म्हणायचे, मधेच "रेस", आणि माझे डोळे रस्त्यावर असताना पाय कुठे जातो ते बघायचे. बंद गाडीतली ही कवायत कंटाळवाणी वाटते. पण पायाला जागा कळली पाहिजे, आणि ती डोळ्यांनी खाली बघून कळत नाही.

डाव्या पायाने ब्रेक दाबला तर काय होतं, हे त्यांनी मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम स्वतः करून दाखवलं. वेग अगदी कमी होता, तरी पट्टा छातीत रुतला. कारण सरळ आहे. क्लच नेहमी तळापर्यंत दाबायचा असतो. हलकेच, मोजून हलण्याची सवय डाव्या पायाला फक्त क्लच सोडताना असते, दाबताना नाही. ब्रेकला आताशा यंत्राची मदत असते, थोडा दाब पुरतो. तळापर्यंत जाणारा पाय त्या पेडलवर पडला की गाडी जागच्या जागी थांबते आणि मागून येणारा सरळ आपल्या डिकीत शिरतो. म्हणून दोन पेडल आहेत तर दोन पाय वापरू, हा विचार कितीही सोयीचा वाटला तरी रोजच्या रस्त्यावर करायचा नाही. एकच पाय दोन्ही पेडलांवर असला की दोन्ही एकाच वेळी दाबली जात नाहीत. क्लच गेल्यावर शिस्त म्हणून एवढीच गोष्ट आपल्या हातात उरते.

मग गाडी चालू केली, पण त्या पहिल्या सकाळी वस्तादांनी ॲक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही. एमआयडीसीतला रुंद रस्ता, सुट्टीचा दिवस. ब्रेक दाबून दांडी डीवर आणली, ब्रेक हळूच सोडला, आणि गाडी आपणहून सरकू लागली. माणूस चालतो त्याहून किंचित जास्त वेग. क्लचवाल्या चालकाला सर्वांत परकी वाटते ती हीच गोष्ट. त्याच्या अनुभवात गाडी चालते ती चालवल्यावर, सोडली की थांबते किंवा बंद पडते. इथे काहीच केलं नाही तर गाडी चालते.

माझ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्याचं काम समजून घेतलं की हे सरकणं गूढ राहत नाही. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचीही पाती फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनाला जोडलेली पाती तेल ढकलतात, गिअरबॉक्सला जोडलेली पाती त्या तेलाने फिरतात, आणि मधली तिसरी पाती परत येणाऱ्या तेलाला अशी दिशा देतात की सुरुवातीला ताकद वाढून मिळते. इंजिन आणि चाकं यांच्यात धातूला धातू घट्ट जोडलेला नसतो, म्हणून ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. आणि तेल सतत ढकललं जात असतं, म्हणून ब्रेक सोडला की गाडी सरकते. ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. त्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनची ताकद सावकाश फिरणाऱ्या पंख्याला कशी द्यावी, हा त्याचा प्रश्न होता. मोटारीत ती बरीच नंतर आली. अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या गाडीत हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स दिला, त्यात तेलाची जोडणी आणि आपोआप बदलणारे चार गिअर होते. ताकद वाढवणारा खरा टॉर्क कन्व्हर्टर ब्यूकने १९४८ मध्ये आणला.

तर पहिली सकाळ फक्त सरकण्याची. वस्तादांनी रस्त्यावर फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. पुढचं चाक रेघेवर थांबवायचं, फक्त ब्रेकने. मग दोन रेघांच्या मधून वळवून आणायचं, फक्त ब्रेकने. मग आर टाकून, आरशात बघत, उलटं. ब्रेक सोडण्यानेही गाडी चालवता येते हे पायाला पटलं की पार्किंगची भीती जाते. अरुंद बोळात, सोसायटीच्या खांबांमधून, बाजारात गाडी काढताना ॲक्सिलरेटरची गरजच पडत नाही. पाय ब्रेकवरच राहतो, आणि पाय ब्रेकवर असलेला माणूस चुकून रेस देऊ शकत नाही. या एका सवयीसाठी मी त्या वस्तादांची कायमची ऋणी आहे.

ब्रेकऐवजी रेस दाबण्याची ही चूक किती महाग पडते ते जगाने पाहिलेलं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्या आपोआप सुसाट सुटल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. ऑडी ५००० या गाडीचं नाव सर्वांत जास्त गाजलं. चालक शपथेवर सांगत की आम्ही ब्रेकच दाबला होता. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने तपास करून १९८९ मध्ये निष्कर्ष दिला की बहुतेक प्रकरणांत पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर होता. यात चालकांच्या खोटेपणाचा प्रश्न नाही. पाय चुकला की गाडी उसळते, घाबरून माणूस तोच पाय आणखी जोरात दाबतो, आणि तो ब्रेकच दाबतोय याबद्दल त्याच्या मनात शंका नसते. याच प्रकरणांनंतर ब्रेक दाबल्याशिवाय दांडी पीमधून हलणारच नाही अशी कडी गाड्यांत रूढ झाली. आज आपल्या गाडीतही ती आहे, ती का आहे हे मात्र कुणी सांगत नाही. जपानमध्ये वयस्क चालकांच्या बाबतीत हा प्रश्न फार मोठा आहे. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोतल्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. न्यायालयाने पेडलची गफलत झाल्याचं मानून त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. आपल्याकडे गुडघे दुखू लागले, वय झालं, म्हणूनच अनेकजण ऑटोमॅटिककडे वळतात. मीही त्यांच्यातलीच. म्हणून ही बातमी मला दूरची वाटत नाही.

ही गाडी शिकण्याबाबत कायदा आपल्याला काही विचारत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवानाही फक्त ऑटोमॅटिकचा मिळतो. आपल्याकडे दुचाकीला 'गिअर असलेली' आणि 'गिअर नसलेली' असे वर्ग आहेत, मोटारीला नाहीत. हलक्या वाहनाचा एकच परवाना दोन्हींना चालतो. मला ते चुकीचं वाटत नाही, पण त्यामुळे जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते.

दांडीकडे येऊ. पी, आर, एन, डी. आर आणि डीच्या मधे एन आहे तो सुरक्षेसाठी. जुन्या हायड्रामॅटिकमध्ये रिव्हर्स अगदी टोकाला, पुढच्या गिअरच्या शेजारी होता. पुढे अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनी पुढचा गिअर आणि रिव्हर्स यांच्यामध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे असं ठरवलं, आणि आता सगळीकडे तीच रचना दिसते. चालती गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डीवरून आरवर किंवा पीवर जायचं नाही. पी म्हणजे हँडब्रेक नव्हे. पी टाकल्यावर गिअरबॉक्समध्ये एक लहानसा खटका दात्यांच्या चाकात अडकतो आणि सगळी गाडी त्या खटक्यावर उभी राहते. समर्थ मंदिराकडच्या चढावर गाडी लावून नुसता पी टाकला तर गाडी थोडी मागे येऊन त्या खटक्यावर रेलते, आणि पुन्हा निघताना दांडी जोर लावून ओढावी लागते, आतून 'खट्' आवाज येतो. योग्य क्रम असा: ब्रेक दाबून थांबायचं, एन टाकायचा, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, मग पायाचा ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचं, आणि पुन्हा ब्रेक दाबून पी टाकायचा. चढाच्या गावात राहणाऱ्यांनी हा क्रम हाताला बसवून घ्यावाच.

गावातल्या गर्दीत एकदा पाय बसला की सुख आहे, हे मोकळेपणाने सांगते. पोवई नाक्याजवळ कोंडी झाली की पूर्वी हाफ क्लचवर गुडघा ठणकायचा. आता ब्रेक सोडायचा, दाबायचा, एवढंच. सिग्नलला थोडा वेळ थांबायचं असेल तर डीवरच ब्रेक दाबून थांबते. बराच वेळ असेल तर एन आणि हँडब्रेक. गतिरोधकाआधी क्लच दाबून गाडी घरंगळत नेण्याची आपली सर्वांची खोड असते, तिच्या जागी आता दांडी एनवर न्यायची खोड लागू देऊ नये. चालत्या गाडीत एनला हात लावायचं काही कारण नाही.

हात आणि कान यांना जास्त वेळ लागतो. क्लचच्या गाडीत गिअर कधी टाकायचा हे कान सांगतो. इंजिनावर लोड आला, आवाज जड झाला, की हात आपोआप दांडीकडे. ऑटोमॅटिकमध्ये तो आवाज ऐकून अस्वस्थ व्हायला होतं. गिअर पडायला हवा होता, अजून का पडला नाही? खरं म्हणजे गिअर आता उजव्या पायात असतो. वेग धरल्यावर पाय किंचित उचलला की पेटी वरचा गिअर घेते. पुढे जायचं असेल तर पाय एकदम खोल दाबायचा, पेटी एक-दोन गिअर खाली येते आणि गाडी झेपावते. मात्र हे घडायला क्षणभर जातो. खंबाटकीच्या चढावर एसटीला मागे टाकताना तो क्षण हिशेबात धरावा लागतो. पूर्वी आपण तिसरा टाकून तयार असायचो, आता समोरचा रस्ता मोकळा दिसण्याच्या थोडं आधी पायाने पेटीला सांगावं लागतं. हे अंगवळणी पडल्यावर मला चालवण्यात नवा आनंद मिळू लागला. पाय हलका ठेवण्याचं हे कसब क्लचच्या गाडीत कधी लागलंच नव्हतं.

भाच्याची गाडी एएमटी आहे आणि ती वेगळी शिकावी लागते. मारुतीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओत हा प्रकार आणला तेव्हापासून मध्यमवर्गाच्या आवाक्यात ऑटोमॅटिक आली. आत गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम पायाऐवजी आणि हाताऐवजी एक यंत्र करतं. म्हणून किंमत कमी, आणि म्हणूनच तेलाच्या पात्यांमध्ये वाया जाणारं इंधनही नाही. त्या सेलेरिओचं मायलेज क्लचवाल्या आणि एएमटी अशा दोन्ही गाड्यांत लिटरला २३.१ किलोमीटर असं नोंदलं गेलं होतं. 'ॲव्हरेज किती देते' हा पहिला प्रश्न विचारणाऱ्या आपल्या लोकांना एवढं पुरेसं होतं. पण गिअर बदलताना या गाडीत ताकद क्षणभर तुटते आणि मान पुढे-मागे होते. तीस वर्षं क्लच दाबलेल्या माणसाला इथे त्याच्या अनुभवाचा उपयोग होतो: जिथे आपण स्वतः गिअर बदलला असता तिथे उजवा पाय जरासा उचलायचा, झटका जवळजवळ जातो. बहुतेक एएमटीत पी नसतोच, तेव्हा हँडब्रेकला पर्याय नाही. आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल तापतं, इथे खराखुरा क्लच जळतो, वास येतो आणि खर्च येतो. चढावर थांबलात तर ब्रेक, निघताना हँडब्रेकची मदत.

घाट उतरताना मात्र कुठलीही ऑटोमॅटिक असो, चालकाला पुन्हा स्वतः गिअरकडे वळावं लागतं. कासहून यवतेश्वरच्या घाटाने खाली येताना दांडी डीवर ठेवली तर पेटीला वाटतं, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, म्हणजे वरचा गिअर बरा. गाडी वेग घेत जाते, आपण सारखा ब्रेक दाबतो, ब्रेक तापतात. म्हणून घाट सुरू होण्याआधीच दांडी एमवर आणून दुसरा किंवा तिसरा गिअर धरायचा. काही गाड्यांत यासाठी एल किंवा २ असतो. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, ही जुन्या चालकांची शिकवण इथेही तशीच लागू आहे. वस्तादांचा या बाबतीत आवाज चढायचा. "गाडी आपोआप हाय म्हणून घाट आपोआप उतरत न्हाई."

न्यूट्रलवर उतरल्याने काय होतं याचा धडा आपल्या दाराशीच आहे. पुण्याला जाताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांब उतार लागतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले अवजड ट्रक तिथे ब्रेक निकामी होऊन गर्दीत घुसल्याचे अपघात आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. आणि त्यातून वाचतही काही नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो, चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावंच लागतं. एनवर उतार उतरणारा ऑटोमॅटिकचालक इंधनही घालवतो आणि इंजिनाची पकडही.

एक छोटी गोष्ट, पण आडवाटेला महत्त्वाची: बॅटरी उतरली तर ही गाडी धक्का मारून चालू होत नाही. चार पोरं गोळा करून, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, हे दिवस संपले. डिकीत जंपर केबल ठेवा. टॉर्क कन्व्हर्टरची किंवा पट्ट्याची (सीव्हीटी) पेटी असेल तर बंद गाडी दोरी लावून ओढूनही न्यायची नसते, कारण पेटीत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं उचलून किंवा सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

महाराष्ट्राने क्लच जाण्याचा हा बदल याआधी एकदा दुचाकीवर पाहिलेला आहे. आकुर्डीच्या चेतकवर डाव्या हातात क्लच आणि मनगट फिरवून गिअर. मग १९८४ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर बिनगिअरची स्कूटर आणली आणि हजारो बायका पहिल्यांदा स्वतःच्या वाहनावर बसल्या. त्या स्कूटरमध्ये रुंदी बदलणाऱ्या दोन पुल्यांवरचा पट्टा होता. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये छोट्या मोटारीत वापरलेलं तेच तत्त्व आज सीव्हीटी म्हणून मोटारीत मिळतं. गिअरच्या स्कूटरवरून बिनगिअरच्या स्कूटरवर आलेल्यांना आठवत असेल, डावा हात सवयीने क्लच ओढायचा, आणि आता त्या जागी मागचा ब्रेक होता. घरच्या मोठ्यांनी आपल्याला तेव्हा गल्लीत चार फेऱ्या मारायला लावल्या होत्या. मोटारीला गल्ली पुरत नाही, एवढाच फरक.

आणि आता हा प्रश्न फक्त हौसेचा किंवा गुडघ्याचा राहिलेला नाही. विजेच्या गाडीला क्लच नसतोच. मोटर शून्यापासून पूर्ण ताकद देते, गिअर एकच, त्यामुळे चुकीच्या पेडलवर पडलेला पाय तिथे आणखी धोक्याचा. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली; त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची शिवाई धावली, क्लचशिवाय. हातभर लांब दांडीने गिअर टाकत आयुष्य काढलेल्या चालकाला ती बस चालवायला मुद्दाम शिकावंच लागतं. खाजगी गाडी चालवणाऱ्याला मात्र कुणी शिकवत नाही, आणि त्याला स्वतःलाही त्याची गरज वाटत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी येणार आहे त्यांना कळकळीची विनंती. पेढे वाटून झाले की गाडी आधी मोकळ्या मैदानात न्या, आणि सरकणं, थांबणं, रिव्हर्स घेणं एवढंच करा, ॲक्सिलरेटरशिवाय. आई-वडिलांना गुडघ्याच्या त्रासामुळे ऑटोमॅटिक घेऊन देत असाल तर चावी हातात देऊन निघून जाऊ नका. आठवडाभर त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांचा डावा पाय कुठे आहे ते बघत राहा. त्या काळात शाळेसमोर, भाजीबाजारात आणि दुकानाच्या काचेकडे तोंड करून गाडी लावू देऊ नका.